कूलंटकाका

होळी झाली की आमच्या सोसायटीत माठ धुतले जातात, कूलरच्या टाक्यांतलं गेल्या वर्षीचं पाणी डासांसकट ओतून दिलं जातं आणि वाळवणाला गच्चीचा कुठला कोपरा कुणाचा, यावरून दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद होतं. त्याच सुमारास खाली पार्किंगमध्ये एक गृहस्थ मोटरसायकलीसमोर पाट टाकून बसतात, कपाळाला विजेरी बांधतात आणि रेडिएटरची वाकलेली पाती दातकोरण्याने एकेक करून सरळ करू लागतात. रेडिएटरला अशी पाती शेकड्यांनी असतात. गृहस्थांना घाई नसते.

त्यांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे. बाकी सगळीकडे ते कूलंटकाका. बँकेतून निवृत्त झाले तोवर जन्मभर स्कूटर चालवली. मुलगी लग्न होऊन गेली, फंडाचे पैसे हातात आले आणि काकांनी साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची, वॉटर कूल्ड टूरिंग गाडी घरी आणली. दोन बाजूंना दोन पेट्या, पुढे काच, वजन सव्वादोन क्विंटल. पुढचा एप्रिल आला. भर दुपारी स्वारगेटच्या सिग्नलला गाडीचा पंखा घूं करून सुरू झाला, गरम हवेचा झोत काकांच्या उजव्या नडगीवर आला आणि निवृत्त माणसाला आयुष्यात काय करायचं, हा प्रश्न तिथल्या तिथे सुटला.

"गाडी हीट मारते," असं ते घरी येऊन म्हणाले. हे वाक्य ते अजूनही रोज म्हणतात. एरवी ते गाडीचं मायलेज सांगतात, पिकअप सांगतात. पण हीट सांगताना चेहऱ्यावर जे तेज चढतं, त्याची सर कशालाच नाही.

काकांचा अभ्यास पक्का आहे. लिफ्टमध्ये तुम्ही तळमजल्यावर सापडलात तर चौथ्या मजल्यापर्यंत त्यांचं प्रास्ताविक होतं. जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. उरलेली सगळी सायलेन्सर, रेडिएटर आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. त्यांनी गणित मांडलंय. ताशी ऐंशीने, लिटरला वीसच्या हिशेबाने गाडी चालवली तर मांडीखाली घरातले दोन किलोवॅटचे दहा-बारा गीझर एकदम चालू असतात. हे गणित त्यांनी पहिल्यांदा काकूंना वाचून दाखवलं, तेव्हा काकू कणीक मळत होत्या. "मग आंघोळीचं पाणी तरी त्याच्यावरच तापवत जा," एवढंच त्या म्हणाल्या.

प्रास्ताविकानंतर गुन्हेगारांची नावं येतात. पहिलं नाव बीएस-६. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट तापल्याखेरीज कामाला लागत नाही, म्हणून तो इंजिनाला चिकटवून बसवायचा. म्हणजे आमच्या पायाजवळ. दुसरा गुन्हेगार लीन मिक्श्चर, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. तिसरा पेट्रोलमधलं इथेनॉल. इथेनॉलवर काकांचा इतका राग आहे की गुडघा दुखला तरी ते आधी पंपाचं बिल बघतात.

उपचारांची सुरुवात साधी होती. इंजिन ऑइल बदललं. मग त्याहून महागाचं घातलं. मग कूलंट. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. काकांचं म्हणणं, पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, ग्लायकॉल त्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि गंज अडवतं, तेव्हा खरी कला प्रमाणात आहे. ती कला साधायला त्यांनी स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं नेलं. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं हे त्यांनीच काकूंना सांगितलं, तेही भांडं धुऊन मांडणीवर परत ठेवल्यावर. ते भांडं आता पार्किंगमध्ये असतं. काकांचं बारसंही त्याच दिवशी झालं.

प्रमाण चाळीस-साठ झालं, साठ-चाळीस झालं. पंखा पूर्वी जिथे सुरू व्हायचा तिथेच सुरू होत राहिला, कारण शंभरीच्या आसपास सुरू हो, असं त्याला कारखान्यातूनच शिकवलेलं आहे आणि भांड्यात काय कालवलंय ते त्याला कुणी कळवत नाही.

मग आलं बेंड पाइपाचं बँडेज. इंजिनातून निघालेल्या पाइपाभोवती फायबरग्लासची पट्टी गुंडाळायची, की उष्णता पाइपातच कोंडून मागच्या मागे निघून जाते. पट्टी आधी पाण्यात भिजवायची, ओली असताना ओढून घट्ट गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवायचा आणि टोकाला स्टीलचा पट्टा आवळायचा. रात्रभर बादलीत भिजवलेली पट्टी घेऊन काका रविवारी सकाळी बसले. अंगात बनियन. फायबरग्लासचे बारीक कण कातडीत घुसतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, असं पाकिटावर लिहिलं होतं. पण पाकीट काकूंनी आवराआवरीत फेकलं होतं. पाइप गुंडाळून झाला तेव्हा काका कोपरापर्यंत खाजवत होते. बाकी गुंडाळी देखणी होती. वेढ्यांतलं अंतर त्यांनी फूटपट्टीने मोजलं होतं.

बटण दाबलं. दोन मिनिटं काही नाही. मग पाइपातून नव्हे, पाइपावरून पांढरा धूर निघू लागला. पहिल्यांदा तापताना पट्टीतलं पाणी आणि चिकटा जळतो, हे काकांना माहीत होतं. वॉचमनला नव्हतं. तो वाळूची लाल बादली घेऊन धावला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी खिडकीतून १०१ नंबर लावायला सांगितलं. काका एका हाताने वॉचमनला अडवत होते आणि दुसऱ्या हाताने खाजवत होते. "नॉर्मल आहे! हे नॉर्मल आहे!" असं ते ओरडत होते, आणि त्यामुळे लोक जास्तच लांब सरकत होते.

नडगीपाशी फरक पडला, हे कबूल केलं पाहिजे. फक्त जी उष्णता नडगीपाशी निघत होती ती आता सायलेन्सरपाशी निघू लागली आणि डाव्या पेटीतला रेनकोट पेटीच्या तळाला कायमचा चिकटला. पावसाळ्यात पट्टीने पाणी धरलं, पाइपावर गंजाचे तांबूस डाग आले आणि दसऱ्याला पूजेसाठी गाडी धुताना काकांनी ते बँडेज सोडलं. त्याही दिवशी बनियनच होतं.

उष्णता नाहीशी होत नाही, पत्ता बदलते, हा काकांच्या संशोधनाचा एकमेव सिद्ध झालेला सिद्धांत. तो सिद्ध करायला सगळ्यात जास्त मदत झाली काकूंची. बोहरी आळीतून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणून काकांनी रेडिएटरच्या बाजूला एक पाख बसवली. पंख्याची गरम हवा नडगीवर न येता वळून मागे जावी, ही योजना. हवा शहाण्या मुलीसारखी वळली आणि मागे गेली. मागे काकू बसल्या होत्या.

"तुमची नडगी वाचली, माझी पोटरी गेली," काकू कात्रजला उतरून म्हणाल्या.

काकांनी पाख आणखी बाहेर वाकवली. आता सिग्नलला पंखा सुरू झाला की शेजारचा स्कूटरवाला दचकून पाय वर घेतो आणि आपल्याच स्कूटरखाली वाकून बघतो. काका समोर बघत राहतात. हा प्रयोग त्यांच्या वहीत 'यशस्वी' म्हणून नोंदलेला आहे.

वहीचा उल्लेख आला म्हणून बंदुकीबद्दल सांगायला हवं. करोनाच्या काळात सोसायटीने गेटवर कपाळाचा ताप बघायची बंदूक घेतली होती. काकांनी ती एकदा इंजिनावर रोखली. माणसाच्या तापापलीकडे तिची झेप नसल्याने पडद्यावर आकड्याऐवजी नुसतीच इंग्रजी अक्षरं आली. वॉचमन गंभीरपणे म्हणाला, "काका, नियमाप्रमाणे गाडीला आत सोडता येणार नाही." दुसऱ्या दिवशी काका तपकीर गल्लीत गेले आणि पाचशे अंशांपर्यंत वाचणारी कारखान्यातली बंदूक घेऊन आले. तेव्हापासून वहीत रकाने पडले: डावी मांडी, उजवी नडगी, टाकीची खालची कड, फ्रेम, सीट. दोन दिवस घरातही मोजमाप चाललं होतं. फोडणीच्या तेलावर नेम धरल्यावर काकूंनी स्वयंपाकघरात शस्त्रबंदी जाहीर केली.

बंदुकीपाठोपाठ आली सोनेरी टेप. मॅक्लॅरेन एफ-१ या नव्वदच्या दशकातल्या मोटारीच्या इंजिनाच्या कप्प्याला आतून खऱ्या सोन्याचा वर्ख लावला होता, कारण सोनं उष्णतेचे किरण फार चांगले परतवतं. ही माहिती काकांनी जेवताना दिली तेव्हा काकूंनी आधी कपाटाच्या किल्ल्या जागेवर आहेत का ते पाहिलं. टेप नकलीच होती. ती फ्रेमवर आणि टाकीखालच्या पत्र्यावर चिकटली आणि काकांनी पंचवीस किलोमीटर फिरून येऊन बंदूक रोखली. ४३! वहीत ४३ या आकड्याभोवती दोन वर्तुळं पडली. वॉचमनला चहा मिळाला.

तेवढ्यात बी विंगमधला इंजिनिअरिंगचा मुलगा आला. त्याने खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली, तिचा बोटभर तुकडा सोनेरी टेपवर चिकटवला, मिनिटभर थांबला आणि म्हणाला, "आता यावर धरा." बंदूक म्हणाली ७९. पुन्हा सोनेरीवर: ४३. काळ्यावर: ७९. मुलाने समजावलं, की ही बंदूक वस्तूतून निघणाऱ्या अवरक्त किरणांवरून तापमान ताडते, चकाकणारी वस्तू ते किरण फारच कमी सोडते आणि म्हणून बंदूक फसते. चकाकीमुळे मांडीकडे येणारी धग थोडी अडते हे खरं. पण मांडी टेकली तर चटका ७९ चाच. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तो काळा तुकडा काढ आधी. त्याच्यामुळेच तापतंय."

नाना पेठेतल्या मेकॅनिकने त्यांना फार पूर्वीच निदान सांगितलं होतं. गाडीसमोर उभं राहून त्याने बोटांवर मोजलं: रेडिएटरपुढे जाड जाळी, जाळीपुढे क्रॅश गार्ड, गार्डवर दोन फॉग लॅम्प, लॅम्पच्या मध्ये काकांनी स्वतः बसवलेला लिंबू-मिरचीचा हूक, खाली चिखल अडवायचा रबरी पडदा. "काका, वारा यायचा कुठून? हे सगळं काढा, पातीतला चिखल पाण्याने धुवा, सुटलं." काकांनी मान हलवली, त्याच्याकडून आणखी एक ऑइल कूलरची जाळी विकत घेतली आणि वाटेत आम्हाला म्हणाले, "हुशार आहे पोरगा, पण वाचन कमी."

मागच्या मे महिन्यात नागपूरला लग्न होतं. काकू रेल्वेच्या एसी डब्यातून गेल्या. काका गाडीवरून. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे नगर, संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा असा जुना रस्ता. अंगात जाळीचं जॅकेट, त्याच्या आत पाण्यात भिजवायचं कूलिंग जाकीट. जाकिटाची विद्या खरी आहे. एक लिटर पाणी शून्यापासून उकळीपर्यंत न्यायला शंभर किलोकॅलरी लागतात, पण तेच लिटरभर पाणी अंगावर वाळायला जवळजवळ पावणेसहाशे, आणि त्यातली बरीचशी अंगातून जाते. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या हवेत तर माणूस चक्क गारठतो. काका पंपापंपावर उतरून जाकीट भिजवत होते. वारा मात्र उलटा वागत होता. हवा पस्तीस-छत्तिशीपर्यंत असली तर वारा अंग निववतो. बेचाळीसची हवा अंगाला आणखी तापवते, आणि जाळीच्या जॅकेटात ती मोकळेपणाने शिरते. जाकीट ओलं आहे तोवर ठीक, वाळलं की भट्टी.

कारंज्याच्या अलीकडे दुपारी दोनला एका टपरीवर जाकीट भिजवायला काका थांबले. बाकावर एक म्हातारबुवा डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसले होते. खिशात कांदा. त्यांनी गाडी पाहिली, पेट्या पाहिल्या, नखशिखान्त निथळणारे काका पाहिले.

"काहून जी, येवढ्या उन्हात?"

काकांनी बीएस-६ पासून सुरुवात केली. म्हातारबुवांनी इथेनॉलपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "आमी दुपारी निंगतच नाही ना."

काकांना यात तांत्रिक असं काहीच सापडलं नाही. ते पुढे निघाले.

नागपुरात मात्र त्यांना साक्षात्कार झाला. लग्नघरी कूलरला वाळ्याचे ताटवे होते. पाणी ठिबकत होतं, गार सुगंधी हवा येत होती. परतीच्या आदल्या संध्याकाळी काकांनी इतवारीतून वाळा आणला आणि सुतळीने बांधून त्याचा छोटा पडदा रेडिएटरपुढे टांगला. वर पाण्याची बाटली, तिला सलाईनची नळी. वर्धा येईपर्यंत नळी वाऱ्याने उडून गेली, वाळा वाळला आणि रेडिएटरकडे यायचा राहिलासाहिला वारा बंद झाला. पंखा पुलगावपर्यंत अखंड चालू होता. गाडी त्या दिवशी जितकी तापली तितकी कधीच तापली नव्हती, पण काका सांगतात, वास फार छान येत होता.

तेच जाकीट जूनच्या तोंडावर त्यांनी चिपळूणला नेलं. कोकणच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की ती आणखी घेत नाही. सकाळी पुण्यात भिजवलेलं जाकीट रात्री लॉजवर काढलं तेव्हाही ओलंच. दिवसभर लिटर-दीड लिटर पाणी अंगावर वाहून नेल्याचा फायदा एवढाच झाला, की लॉजवाल्याने "पाऊस लागला का वाटेत?" असं विचारलं.

रविवारी सकाळी खेड शिवापूरला मिसळीच्या टेबलावर काकांची बिरादरी जमते. सगळे पन्नाशीच्या पुढचे, सगळ्यांचे जॅकेटचे खांदे त्यांच्या मूळ खांद्यांपेक्षा रुंद. कुणाची मागच्या सिलिंडरने मांडी भाजते. त्याला मान जास्त, कारण काही मोठ्या अमेरिकन गाड्यांत उभ्या उभ्या तापमान वाढलं की मागचा सिलिंडर आपोआप बंद होतो, आणि ही सोय आपल्याकडे असूनही भाजतं, असं त्याला सांगता येतं. कुणी पाइप सिरॅमिक कोटिंगला टाकलाय, कुणी सीटवर मेंढीची कातडी घातलीय. चटके वर करून दाखवले जातात. मध्येच एखादा नवखा "माझी नाही हो एवढी तापत" असं म्हणून जातो. टेबल गप्प होतं. पाव मागवले जातात. पुढच्या रविवारी तो शेजारच्या टेबलावर बसतो.

डिसेंबरात काका बघवत नाहीत. गाडी तापत नाही. बंदूक रोखली तर आकडे किरकोळ येतात. पाट भिंतीला टेकवलेला असतो. एकदा जावयाने भलत्या वेळी सुचवलं, "बाबा, इलेक्ट्रिक घ्या ना. हीटचा प्रश्नच नाही." काका दोन दिवस त्याच्याशी नीट बोलले नाहीत. प्रश्नच नाही म्हणजे काय? मग माणसाने सकाळी उठून करायचं काय?

आणि यंदा ए विंगमध्ये एक तरुण भाडेकरू आला. त्याच्याकडे हीच गाडी, हेच मॉडेल, हाच रंग. भर मे महिन्यात पुण्याहून नागपूर, तिथून चंद्रपूर-ताडोबा करून परत आला. काकांनी त्याला पार्किंगमध्येच गाठलं. हातात वही. आम्ही दोघं-तिघं माठाच्या बाजूला उभे राहिलो.

"हीट?"

"होती थोडी. गावात."

"कूलंट कुठलं?"

"कंपनीचंच. तारखेला बदलतो."

"रॅप?"

"नाही."

"टेप? डिफ्लेक्टर? रिमॅप?"

"नाही काका. पहाटे चारला निघायचो. अकराच्या आत लॉज गाठायचा, जेवून झोपायचं, उन्हं कलली की पुन्हा निघायचं. आतला टी-शर्ट भिजवायचा, पाणी प्यायचं, मोठ्या सिग्नलला गाडी बंद करायची. आणि रेडिएटर रोज पाण्याने धुवायचा. बस."

काकांचं पेन वहीवर थांबलं. त्यांनी त्या गाडीच्या उघड्या रेडिएटरकडे पाहिलं, नुसत्या बेंड पाइपाकडे पाहिलं, टाकीखालच्या काळ्या फ्रेमकडे पाहिलं. मग त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय कळवळ्याने विचारलं,

"म्हणजे गाडीला तू काहीच केलं नाहीस?"

"नाही."

"ये रविवारी," काका म्हणाले. "पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून ये. बघू आपण काहीतरी."